अंगठ्याच्या मशीनची चिठ्ठी आणि गावाचा हिशेब

आज एक साधा प्रश्न विचारून सुरुवात करते. रेशन दुकानात अंगठा लावला की त्या मशीनमधून एक छोटी चिठ्ठी निघते. ती चिठ्ठी तुम्ही मागून घेता का? की दुकानदार फाडून टोपलीत टाकतो आणि आपण पिशवी उचलून घरी येतो?

गेल्या महिन्यात चार गावांच्या गटांच्या बैठकींत मी हाच प्रश्न विचारला. बहुतेक बायका हसल्या. "ताई, चिठ्ठी घेऊन काय करायचं, धान्य मिळालं म्हणजे झालं." पण धान्य किती मिळालं आणि किती मिळायला हवं होतं, याचं उत्तर त्याच चिठ्ठीवर असतं. आणि आज मला जी गोष्ट सांगायची आहे ती पुढची आहे. चिठ्ठी फाटली, हरवली, लेकराने तिची होडी केली, तरी त्यावरची नोंद जात नाही. ती सरकारच्या संगणकात जाते आणि तिथून वेबसाइटवर येते. कोणीही ती पाहू शकतं. त्यासाठी तहसीलला जावं लागत नाही, अर्ज करावा लागत नाही, कुणाची ओळख लागत नाही. ज्या सरकारी माहितीला असं कुलूप नसतं, तिला शहाणी माणसं 'खुली माहिती' म्हणतात.

आता तुम्ही म्हणाल, हे संगणकाचं प्रकरण आपल्याला काय कळणार. तर सांगते, तुम्हाला ते इतरांपेक्षा जास्त कळतं. आपल्या गटाची पंचसूत्री आठवा. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि नियमित लेखे. शेवटचं सूत्र काय सांगतं? वही लिहायची आणि सगळ्यांसमोर वाचायची. सचिवबाईने वही घरी पेटीत ठेवली, कधी वाचलीच नाही, तर दोन महिन्यांत गटात कुजबुज सुरू होते. सचिवबाई प्रामाणिक असली तरी होते. वही वाचली की कुजबुज थांबते, आणि चूक असली तर तिथेच सापडते. खुली माहिती म्हणजे सरकारने आपली वही बैठकीत वाचून दाखवणं. फक्त ही बैठक फार मोठी आहे आणि वही मोबाइलमध्ये आहे.

पण सरकारने वही वाचावी हे काही आपोआप घडलं नाही. राजस्थानात मजूर किसान शक्ती संघटन नावाची संघटना आहे. १९९० साली ती उभी राहिली. अरुणा रॉय, निखिल डे, शंकर सिंह ही त्यातली माणसं. तिथले मजूर दुष्काळी कामावर जायचे आणि मजुरी ठरल्यापेक्षा कमी हातात पडायची. विचारलं की उत्तर मिळायचं, कागदावर तुमचं काम तेवढंच भरलं. कागद दाखवा म्हटलं की तो सरकारी, गुप्त! मग डिसेंबर १९९४ मध्ये पाली जिल्ह्यातल्या कोट किराना या गावी त्यांनी पहिली जनसुनावणी घेतली. हजेरीपट आणि बिलं मिळवून ती गावासमोर मोठ्याने वाचली. अशा सुनावण्यांत मग कळायला लागलं की हजेरीवर मेलेल्या माणसांची नावं आहेत, परगावी गेलेल्यांची आहेत, आणि कधी न झालेलं काम झालं म्हणून पैसे उचललेत. अक्षरओळख नसलेल्या बायकासुद्धा उभं राहून सांगायच्या, हा माणूस तर तेव्हा गावातच नव्हता. 'हमारा पैसा, हमारा हिसाब' ही त्यांची घोषणा. तिथून वाढत वाढत २००५ चा माहितीचा अधिकार कायदा आला. आपल्या महाराष्ट्रात त्याआधीच, २००२ साली, राज्याचा कायदा झाला होता आणि त्यामागे अण्णा हजारे यांची उपोषणं होती.

मला या गोष्टीत महत्त्वाचं वाटतं ते हे की तेव्हा संगणक नव्हता. कागद होता, मांडव होता आणि वाचणारा आवाज होता. संगणकाने त्यात भर घातली ती एवढीच की कागद मिळवायला लागणारी वर्षं वाचली. मोठ्याने वाचायचं काम अजून माणसांनाच करावं लागतं.

आता रेशनकडे येते. धान्य आपल्या पिशवीत येतं कसं ते पाहू. भारतीय अन्न महामंडळाच्या गोदामातून ते तालुक्याच्या शासकीय गोदामात येतं. तिथून गाडीने रास्त भाव दुकानात येतं, आणि दुकानातून आपल्याला. प्रत्येक दुकानाला महिन्याला किती धान्य द्यायचं ते ठरलेलं असतं, त्याला नियतन म्हणतात. हे नियतन दुकानाला जोडलेल्या कार्डांवरून आणि कार्डातल्या माणसांवरून काढलेलं असतं. पूर्वी या साखळीतल्या प्रत्येक कडीची वही वेगळी आणि वेगळ्या माणसाच्या ताब्यात. गोदामवाला म्हणायचा पाठवलं, दुकानदार म्हणायचा आलं नाही, आणि आपण मधल्यामध्ये रिकामी पिशवी घेऊन उभ्या.

छत्तीसगडने यावर जे केलं ते बचत गटांनी जरूर ऐकावं असं आहे. २००४ नंतर त्या राज्याने रेशन दुकानं खाजगी दुकानदारांकडून काढून ग्रामपंचायती, सहकारी संस्था आणि महिला बचत गटांकडे दिली. धान्याच्या गाड्यांना पिवळा रंग दिला, म्हणजे रस्त्यावरून चाललेली गाडी रेशनची आहे हे लेकरालाही कळावं. मग २००७ च्या सुमारास सगळी साखळी संगणकावर घेतली. आणि एक सोपी सोय केली, कोणाही नागरिकाने आपला मोबाइल नंबर नोंदवावा. गावासाठी गाडी गोदामातून निघाली की त्याला संदेश येतो, इतकं धान्य निघालं. म्हणजे "माल आलाच नाही" म्हणायची सोय गेली. जाँ द्रेझ आणि रितिका खेरा या अर्थशास्त्रज्ञांनी सरकारी पाहणीच्या आकड्यांवरून काढलं की २००४-०५ मध्ये तिथलं रेशनचं निम्मं धान्य वाटेत गळत होतं आणि २००९-१० मध्ये ती गळती एक दशांशावर आली. हे फक्त संगणकाने झालं असं मी म्हणणार नाही. दुकान कोणाच्या हातात आहे हे बदललं, धान्य मिळण्याचा हक्क जास्त घरांना दिला, तेव्हा विचारणारी तोंडंही वाढली. ज्या गावात चारच घरांना रेशन मिळतं तिथे कोण भांडणार? महाराष्ट्रातही रास्त भाव दुकानाचा परवाना देताना बचत गटांना प्राधान्य देण्याचं धोरण आहे. आपल्या भागात नव्या दुकानाची जाहिरात निघते तेव्हा किती गट अर्ज करतात, हे ज्याने त्याने आठवून पाहावं.

राजस्थानने त्याच्याही पुढे जाऊन सप्टेंबर २०१९ मध्ये जनसूचना पोर्टल सुरू केलं. त्यात एकाच ठिकाणी रेशन, पेन्शन, रोजगार हमी अशा बऱ्याच योजनांची गावनिहाय माहिती दिसते. माहितीच्या अधिकाराच्या कायद्यातलं कलम ४ सांगतं की लोकांनी मागण्याआधीच सरकारने माहिती स्वतःहून द्यावी. ते कलम खरोखर पाळलं तर कसं दिसेल, त्याचा हा नमुना आहे.

आता आपल्याकडे काय आहे ते सांगते. महाराष्ट्र शासनाची महा-ईपॉस नावाची वेबसाइट आहे. मोबाइलवर ती उघडली की त्यात आपल्या शिधापत्रिकेचा बारा अंकी क्रमांक टाकायची जागा मिळते. तो टाकला की आपल्या कार्डावर किती माणसांची नावं आहेत, या महिन्यात आपल्याला किती गहू, किती तांदूळ मंजूर आहे आणि किती उचलला अशी नोंद आहे, हे समोर येतं. तसंच दुकानाच्या नावाने पाहिलं की त्या दुकानात किती माल आला, किती वाटला आणि किती शिल्लक आहे हेही कळतं. साइट कधी सावकाश चालते, कधी उघडतच नाही. रात्री किंवा पहाटे पाहिलेलं बरं पडतं. गटातल्या एखादीची मुलगी कॉलेजला असेल तर तिला धरा, या पोरी पाच मिनिटांत काढून देतात.

आकडे वाचायच्या आधी आपला हक्क पाठ पाहिजे. २०१३ चा राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा सांगतो, प्राधान्य कुटुंबात दर माणशी महिन्याला ५ किलो धान्य. अंत्योदय कार्डाला माणसं कितीही असोत, महिन्याला ३५ किलो. आणि जानेवारी २०२३ पासून या धान्याला एक रुपयाही द्यायचा नाही. गहू किती आणि तांदूळ किती हे महिन्यागणिक बदलतं, एकूण किलो बदलत नाहीत. याच कायद्यात कलम १३ आहे, त्यानुसार घरातली १८ वर्षांवरची सर्वांत मोठी बाई ही रेशन कार्डापुरती कुटुंबप्रमुख असते. कार्डावर पहिलं नाव आपलं असतं आणि चिठ्ठी मात्र आपण वाचत नाही, हे मला तरी खटकतं.

आता धरून चला, एका घरात सहा माणसं आहेत. मंजूर धान्य ३० किलो. वेबसाइटवर उचल दिसते ३० किलो. आणि घरच्या काट्यावर मोजलं तर भरतं २६. चार किलो म्हणजे काय, वाद नको म्हणून बाई सोडून देते. पण गावात अशी ९० कार्डं असतील तर महिन्याला ३६० किलो होतात आणि वर्षाला त्रेचाळीस क्विंटलच्या वर! एकटीला चार किलोचं भांडण वाटतं, गटाला मात्र ते त्रेचाळीस क्विंटलचं दिसतं.

आमच्या भागातल्या एका गावात महिलांनी काय केलं ते सांगते. त्यांनी कुणावर आरोप केला नाही. फक्त एका पुठ्ठ्यावर तीन रकाने आखले. मंजूर किती, मशीनवर किती, पदरात किती. प्रत्येकीने घरी वजन करून आकडा सांगायचा, आणि पुठ्ठा गटाच्या बैठकीत भिंतीला टांगायचा. दुसऱ्या महिन्यात दुकानातला काटा बदलला. तिसऱ्या महिन्यात दोन रकान्यांतलं अंतर जवळजवळ मिटलं. भांडणाचा आवाजसुद्धा कुणी ऐकला नाही.

याच गावात उलटंही झालं, तेही सांगायला हवं. तीन कार्डांवर दोन महिने उचल शून्य दिसत होती आणि दुकानातला मालही कमी दिसत नव्हता. काहीजणी म्हणाल्या, चला, यात काहीतरी काळंबेरं आहे. अध्यक्षा शहाणी, ती म्हणाली आधी विचारू. विचारल्यावर कळलं की ती तिन्ही घरं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात गेली होती आणि त्यांच्यातल्या एका घराने तिकडच्या दुकानातच धान्य उचललं होतं. 'एक देश एक रेशन कार्ड' या सोयीने आपलं कार्ड दुसऱ्या गावी आणि दुसऱ्या राज्यातही चालतं. ऑगस्ट २०१९ मध्ये महाराष्ट्र आणि गुजरात, आंध्र आणि तेलंगणा अशा जोड्यांपासून ते सुरू झालं. उरलेल्या दोन घरांना ही सोय माहीतच नव्हती, ती कारखान्याच्या तळावर विकतचं धान्य खात होती. म्हणजे दुकानदार निर्दोष होता, पण आकड्यामुळे दोन घरांची अडचण बाहेर आली. आकडा पाहून लगेच न्याय करू नये, एवढं या प्रकारातून आमच्या सगळ्या गटांनी घेतलं. दुकानदारालाही कधी माल उशिरा येतो, कधी पोत्यात कमी भरतो. त्याची बाजू वेबसाइटवर नसते, ती विचारावी लागते.

इथेच मला सगळ्यात गंभीर गोष्टीकडे यायचं आहे. आपल्या हातांकडे पाहा. भांडी, शेण, खुरपं, कोयता यांनी ज्या बोटांच्या रेषा झिजल्या, ती बोटं मशीन ओळखत नाही. म्हातारीचं तर विचारूच नका. रेंज नसली की मशीन फिरत राहतं. मग ती बाई तीन वेळा येते, तीन वेळा परत जाते. वेबसाइटवर मात्र तिच्या नावापुढे इतकंच दिसतं की धान्य उचललं नाही. जणू तिला गरजच नव्हती! वरच्या साहेबाने हा आकडा पाहिला तर तो म्हणेल, या कार्डावर कोणी येतच नाही, कार्ड बंद करा.

हे मी उगाच भीती घालत नाही. झारखंडमध्ये २०१७ मध्ये आधारशी न जोडलेली लाखो रेशन कार्डं खोटी समजून रद्द झाली. त्याच वर्षी सिमडेगा जिल्ह्यात एक ११ वर्षांची मुलगी गेली. तिच्या घराचं कार्ड असंच बंद झालेलं होतं आणि घरात कित्येक दिवस धान्य नव्हतं, असं तिच्या आईने सांगितलं. सरकारने आजाराने गेली म्हटलं. पुढे संशोधकांनी झारखंडच्या दहा जिल्ह्यांत रद्द झालेली कार्डं घरोघर जाऊन तपासली, तेव्हा त्यातली बहुतेक खऱ्या, नांदत्या कुटुंबांची निघाली. संगणकाच्या वहीत जे दिसत नाही ते जगातच नाही असं धरलं की असं होतं.

म्हणून आमच्या गटांत आम्ही पुठ्ठ्यावर चौथा रकाना घातला. 'आली आणि परत गेली.' तारीख, कारण आणि बाईचं नाव. अंगठा लागला नाही, रेंज नव्हती, दुकान बंद होतं, माल संपला. हा रकाना सरकारच्या वेबसाइटवर नाही आणि माझ्या मते तोच तिथे सर्वांत आधी यायला हवा. तोपर्यंत तो आपण लिहायचा. एका आजीबाईंच्या बाबतीत याच कागदाने काम झालं. पुरवठा शाखेत "तुमची उचलच नाही" म्हणाले तेव्हा तिच्या नावापुढच्या पाच तारखा पुढे केल्या. मग तिच्यासाठी दुसऱ्या माणसाने धान्य घ्यायची सोय करून दिली. अंगठा लागत नसेल तर पर्यायी सोय आहे, धान्य नाकारता येत नाही. आणि केवायसीचा निरोप आला की टाळू नका. घरातल्या प्रत्येकाची, लहान लेकरांचीसुद्धा, करून घ्या, आणि झाल्याचा पुरावा जपा.

आता काहीजणींच्या मनात येईल, आमच्या घराची माहिती अशी जगजाहीर झालेली बरी का? हा प्रश्न योग्य आहे. दुकानात किती माल आला, कोणाला किती मिळालं, पैसा कुठे गेला, हे खुलं असलंच पाहिजे, कारण तो सार्वजनिक पैसा आहे. पण तुमचा आधार क्रमांक, बँकेचं खातं, मोबाइलवर आलेला ओटीपी, एखादी बाई नवऱ्याच्या त्रासाने कुठल्या गावी राहते, हे खुलं नाही आणि होताही कामा नये. ते गटाच्या व्हॉट्सॲपवरही टाकायचं नाही, कुणी कितीही गोड बोलून मागितलं तरी. आमच्या पुठ्ठ्यावर कार्डाचा पूर्ण क्रमांक नसतो, शेवटचे चार आकडे असतात. मात्र खाजगीपणाच्या नावाखाली कुणी सार्वजनिक हिशेबच झाकायला लागलं तर तिथे हटकायचं. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहितीच्या कायद्याने माहिती अधिकारातल्या व्यक्तिगत माहितीच्या कलमात बदल केला, तेव्हा या क्षेत्रातल्या जुन्या कार्यकर्त्यांनी हीच काळजी बोलून दाखवली.

शेवटी कामाच्या चार गोष्टी, वही-पेन जवळ असेल तर लिहून घ्या. अन्न सुरक्षा कायद्याचं कलम २७ म्हणतं, रेशनचे सगळे अभिलेख लोकांसाठी खुले हवेत. कलम २८ सामाजिक अंकेक्षणाचं आहे, म्हणजे गावासमोर हिशेबाची तपासणी. कलम २९ दक्षता समितीचं. आपल्या गावच्या दक्षता समितीत कोण आहे ते ग्रामपंचायतीत विचारा. बऱ्याचदा समितीतल्या बाईलाच ती समितीत आहे हे माहीत नसतं. वेबसाइटवर जे सापडत नाही त्यासाठी माहितीचा अर्ज, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही नाही, आणि तीस दिवसांत उत्तर. शिवाय २०१८ च्या एका शासन निर्णयाने दर सोमवारी दुपारी ३ ते ५ जिल्हा पातळीवरच्या आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कार्यालयांत नागरिकांना अभिलेख पाहण्याची वेळ ठेवली आहे. दोघी-तिघी मिळून जा.

तक्रारीसाठी रेशनचा १९६७ हा क्रमांक आहे. फोन केला की तक्रारीचा नंबर मागून घ्या आणि तारखेसह वहीत लिहा. लेखी तक्रार दिली तर दोन प्रती न्या, एकीवर शिक्का आणि सही घेऊन ती परत आणा. तक्रारीत "आम्हाला धान्य कमी मिळतं" असं मोघम लिहू नका. अमुक महिना, कार्डाची माणसं सहा, मंजूर ३०, मशीनवर ३०, मिळालं २६, सोबत चिठ्ठी जोडली आहे, असं लिहा. अशा कागदाला उत्तर द्यावंच लागतं.

येत्या बैठकीला प्रत्येकीने या महिन्याची चिठ्ठी घेऊन या. ज्यांची फाटली असेल त्यांनी फक्त कार्ड आणावं, बाकीचं मोबाइलवर काढू.